'इंडिया शायनिंग' शिवारात का उगवले नाही?

१३ मे २००४ रोजी लोकसभेचे निकाल लागले आणि दिल्लीतल्या भल्याभल्या पंडितांची तोंडे पाहण्यासारखी झाली. वर्तमानपत्रे, वाहिन्या, मतचाचण्या करणारे, शेअर बाजारातले दलाल, बहुतेक सगळ्यांनी वाजपेयींचे सरकार पुन्हा येणार असे धरून ठेवले होते. प्रत्यक्षात भारतीय जनता पक्ष १८२ जागांवरून १३८ वर घसरला, काँग्रेस ११४ वरून १४५ वर गेली आणि सरकार बदलले. तेव्हापासून पारावर, मोंढ्यात, बैठकीत २००४ चा विषय निघाला की एकच वाक्य कानावर येते, 'शेतकऱ्याने शायनिंगवाल्यांना धडा शिकवला.'

वाक्य कानाला गोड लागते. पण चाकूरच्या माणसाने त्यावर मान डोलावण्याआधी एक गोष्ट आठवावी. ज्या निवडणुकीत शायनिंगवाला पक्ष देशात पडला, त्याच निवडणुकीत तो लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी जिंकला. १९८० पासून लागोपाठ सात वेळा लातुरातून निवडून आलेले आपल्या चाकूरचे शिवराज पाटील सुमारे तीस हजार मतांनी हरले आणि भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर खासदार झाल्या. नांदेडला भाजपचे डी. बी. पाटील आले. मराठवाड्यातल्या आठपैकी सहा आणि कापसाच्या विदर्भातल्या अकरापैकी दहा जागा भाजप-शिवसेनेने घेतल्या. मग शेतकऱ्याने धडा शिकवला तो नेमका कुणाला? आणि तो धडा कुणी घेतला? हा हिशेब जुना असला तरी अजून फिटलेला नाही, म्हणून तो जिल्ह्याच्या बैठकीपुढे ठेवत आहोत.

प्रचार कसा होता ते आधी पाहू. २००३ च्या अखेरीपासून सरकारी तिजोरीतून 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती सुरू झाल्या. हिंदीत त्यांचे नाव 'भारत उदय'. वर्तमानपत्रांची पाने भरली, वाहिन्यांवर हसरे चेहरे झळकले. 'फील गुड' हा शब्द पुढाऱ्यांच्या तोंडी बसला. लोकसभेची मुदत ऑक्टोबरपर्यंत होती, पण सहा-आठ महिने आधीच निवडणूक घ्यायचे ठरले. अडवाणींची 'भारत उदय यात्रा' कन्याकुमारीहून निघाली. प्रचाराची सूत्रे प्रमोद महाजन यांच्या हाती होती. ते आपल्या शेजारच्या अंबाजोगाईत वाढलेले. म्हणजे मराठवाड्याचा दुष्काळ पुस्तकात वाचलेला माणूस नव्हे. वाजपेयींच्या आवाजातला ध्वनिमुद्रित संदेश लोकांना फोनवर ऐकवण्यात आला. त्या काळी खेड्यात शंभर माणसांमागे दोन फोनसुद्धा नव्हते.

एवढी यंत्रणा, एवढा पैसा, वाजपेयींसारखा सर्वांना मान्य असलेला नेता. तरीही पीक का आले नाही?

पहिले कारण साध्या अंकगणिताचे आहे. सरकार सांगत होते की देशाचे उत्पन्न आठ टक्क्यांनी वाढले, शेतीचे तर नऊ-दहा टक्क्यांनी वाढले. आकडा खोटा नव्हता. पण त्याच्या आदल्या वर्षी, २००२ साली, देशात सरासरीच्या १९ टक्के कमी पाऊस झाला. पेरणीच्या ऐन जुलैत तर निम्माच झाला. शेतीचे उत्पन्न सुमारे सात टक्क्यांनी घसरले. शंभराचे त्र्याण्णव झाले आणि त्र्याण्णवाचे पुन्हा एकशे दोन झाले. दोन वर्षांत मिळून वाढ दोन टक्के. खड्डा बुजला, त्याला त्यांनी डोंगर म्हटले.

हेच आपल्या शिवारात आणून पाहा. समजा एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याला बऱ्या साली पन्नास क्विंटल ज्वारी होते. दुष्काळात ती तीसवर आली. पुढच्या वर्षी पंचेचाळीस झाली. मुंबई-दिल्लीचा अर्थतज्ज्ञ म्हणेल, शाब्बास, दीडपट वाढ! शेतकऱ्याच्या घरात मात्र पाच क्विंटल अजून कमीच आहेत. शिवाय दुष्काळात जे वीस क्विंटल बुडाले त्यांच्यापोटी सोसायटीत नवे-जुने केलेले आहे, सावकाराकडून उचल घेतलेली आहे, कडबा नाही म्हणून एक बैल विकलेला आहे. चांगल्या वर्षाचे दाणे आधी वाईट वर्षाचे देणे फेडतात. टक्केवारीत हे देणे कुठे दिसत नाही. त्यातून महाराष्ट्राच्या अनेक तालुक्यांत २००३ सालीही दुष्काळ हटला नव्हता. तिथे तर पंचेचाळीस क्विंटलसुद्धा नव्हते.

दुसरे कारण, विजयाचा उलटा अर्थ. डिसेंबर २००३ मध्ये भाजपने मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड ही तीन राज्ये काँग्रेसकडून जिंकली. मध्य प्रदेशात उमा भारतींचा सगळा प्रचार 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांवर होता. वीज नाही, रस्ते नाहीत, पाणी नाही, असे सांगून पक्ष जिंकला. आणि या विजयावरून दिल्लीतल्या धुरिणांनी निष्कर्ष काय काढला? लोक खुशीत आहेत, आत्ताच निवडणूक घ्या! डिसेंबरात ज्यांच्या तक्रारीवर मते मिळाली, त्यांनाच चार महिन्यांनी 'तुमचे छान चालले आहे' असे सांगायला हे निघाले.

तिसरे कारण पंचांगाचे. मतदान ठेवले एप्रिल-मेमध्ये. शहरात नोकरी करणाऱ्याला एप्रिल काय आणि ऑक्टोबर काय, पगार एक तारखेला होतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष तसे सरळ चालत नाही. चैत्र-वैशाखात ज्वारी खळ्यावरून घरात येऊन तिची विल्हेवाट लागलेली असते, कापूस कधीच गेलेला असतो आणि त्याचे चुकारे अडकलेले असतात. विहिरी तळाला जातात, टँकरची वाट पाहणे सुरू होते. लग्नसराई अंगावर आलेली असते आणि मृगाच्या बियाण्या-खताची तजवीज व्हायची असते. खिसा वर्षात सर्वांत रिकामा असतो तो याच दिवसांत. नेमक्या त्या दिवसांत दारात येऊन कुणी म्हणाले की बरे वाटून घ्या, तर ते जखमेवर मीठ होते.

चौथे कारण शेतीशाळेत पाय ठेवलेल्या कुणालाही कळेल. बियाण्याच्या कंपन्या डांबरी रस्त्याकडेचा, विहिरीजवळचा, काळ्या कसदार मातीचा तुकडा निवडतात, त्यावर खतपाणी ओततात आणि पाटी लावतात. तो प्रात्यक्षिकाचा प्लॉट. पीक खरेच असते, पाटी खोटी नसते. पण माळावरच्या मुरमाड रानाचा मालक ती पाटी वाचून आपले पीक मोजत नाही. तो आपल्या रानात जातो. देशात त्या काळी काही प्लॉट खरोखर बहरले होते. फोन स्वस्त होत होते, संगणकाच्या कंपन्या वाढत होत्या, सुवर्ण चतुष्कोनाचे रस्ते होत होते. ग्राम सडक योजना आणि किसान क्रेडिट कार्डही याच सरकारच्या काळातले, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण प्लॉटचे पीक दाखवून 'हे तुझेच आहे' असे शेजाऱ्याला सांगितले की त्याला आनंद होत नाही. आपल्याला कुणी मोजलेच नाही, हे त्याला तिथेच कळते.

इंडिया आणि भारत हा भेद शरद जोशींनी त्याआधी दोन दशके या महाराष्ट्रात मांडला होता, आणि वाजपेयी सरकारनेच त्यांना शेतीविषयक कृतिदलाचे अध्यक्ष नेमले होते. म्हणजे शेतीचा ताळेबंद मांडणारा माणूस सरकारने स्वतःच बोलावला होता. जाहिरात मात्र लिहिली गेली ती तो ताळेबंद न उघडता. इंग्रजीत ज्याला 'इंडिया शायनिंग' म्हटले त्याचेच हिंदी 'भारत उदय' केले. शब्दाचे भाषांतर झाले, पण भारताच्या खात्यावर जमा काहीच झाले नाही.

आता मुळात विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. हे सगळे खरे असेल, तर लातूर-नांदेडने आणि विदर्भाने त्याच पक्षाला मते का दिली?

उत्तरासाठी आपल्या दोन शिवा ओलांडून पाहू. धर्माबादच्या पलीकडे तेव्हा आंध्र प्रदेश होता. तिथे चंद्राबाबू नायडू हे वाजपेयींचे दोस्त, हायटेक मुख्यमंत्री म्हणून जगभर गाजलेले. त्यांच्या राज्यात दुष्काळ, विजेचे चढे दर आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. काँग्रेसचे राजशेखर रेड्डी २००३ च्या भर उन्हाळ्यात गावोगाव पायी फिरले. नायडूंचा पक्ष विधानसभेच्या २९४ पैकी ४७ जागांवर आला. आता उदगीर-देवणीच्या पलीकडे, बिदरकडे चला. कर्नाटकात एस. एम. कृष्णा हे काँग्रेसचे मुख्यमंत्री, तेही बंगळूरच्या संगणक कंपन्यांसाठी गाजलेले. त्यांच्याही राज्यात ओळीने दुष्काळ. तिथे काँग्रेस ६५ जागांवर आली, भाजप ७९ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष झाला आणि लोकसभेच्या २८ पैकी १८ जागा भाजपला गेल्या. एकाच उन्हाळ्यात एका शिवेपलीकडे काँग्रेसवाल्यांनी गुलाल उधळला, दुसऱ्या शिवेपलीकडे भाजपवाल्यांनी. दोन्हीकडे पडला तो दुष्काळात खुर्चीवर बसलेला माणूस.

महाराष्ट्रात १९९९ पासून काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. कापूस उत्पादकाचा व्यवहार दिल्लीशी नव्हता, मुंबईशी होता. एकाधिकार खरेदी मुंबईची, फेडरेशनचा ग्रेडर मुंबईचा, थकलेले चुकारे मुंबईचे, भारनियमन मुंबईचे, रोजगार हमीची मजुरीही मुंबईची. म्हणून कापूसपट्ट्याने मुंबईवरचा राग दिल्लीच्या मतपेटीत टाकला. राज्यात मात्र हे सगळीकडे झाले नाही. एकूण ४८ जागांत एका बाजूला २५, दुसऱ्या बाजूला २३, अशी जवळपास बरोबरी राहिली. लातुरात उमेदवाराचा प्रश्नही होताच. आपला खासदार दिल्लीचाच होऊन गेला, ही तक्रार मतदारसंघात जुनी होती. रूपाताईंनी भाजपची जाहिरात जिंकून दाखवली असे मानण्याचे काही कारण नाही. लोक आपापल्या जवळच्या सत्तेचा हिशेब करत होते. शायनिंगची जाहिरात त्यांनी मानली नाही आणि फेटाळलीही नाही. त्यांच्या दृष्टीने ती त्यांच्यासाठी नव्हतीच.

मतांची टक्केवारीही हेच सांगते. भाजपची मते पावणेचोवीस टक्क्यांवरून सव्वाबावीसवर आली, हे खरे. पण जिंकलेल्या काँग्रेसची मतेसुद्धा २८ टक्क्यांवरून साडेसव्वीसवर घसरलीच. तमिळनाडूत द्रमुक सोडून गेल्यावर वाजपेयींच्या आघाडीने ३९ च्या ३९ जागा गमावल्या, तो भाग मित्र निवडण्यातल्या चुकीचा. लाट कुणाचीच नव्हती. राज्याराज्यांतल्या निरनिराळ्या रागांची ती बेरीज होती. प्रचाराचे अपयश हे की एवढा सगळा राग समोर असताना त्याने सबंध देशासाठी एकच चेहरा रंगवला, आणि तोही हसरा.

पण शेतकरी बंधू-भगिनींनो, खरी खोच पुढेच आहे. मतदाराचा 'नाही' ऐकला कुणी? लातूरने शिवराज पाटलांना घरी बसवले, दिल्लीने त्यांना राज्यसभेतून नेऊन गृहखात्यात बसवले. देशाच्या पातळीवर मतदार 'हे नको' एवढेच बोलला होता. 'हे हवे' असे लिहून त्याने कुणाच्या हातात काही दिले नव्हते. ती कोरी जागा पुढाऱ्यांनी आपापल्या सोयीने भरली.

ऑक्टोबर २००४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक होती. मे महिन्यात कापूसपट्ट्याने दिलेला दणका राज्य सरकारला कळला होता. आंध्रात राजशेखर रेड्डींनी शपथविधीच्याच दिवशी शेतीला फुकट विजेच्या कागदावर सही केली होती. ते पाहून इकडे सुशीलकुमार शिंदे सरकारनेही शेतीपंपांना वीज फुकट केली. जाहीरनाम्यात कापसाला क्विंटलला २,७०० रुपये भाव लिहिला. काँग्रेस-राष्ट्रवादीला मिळून १४० जागा आल्या आणि सरकार टिकले. मुख्यमंत्री झाले बाभळगावचे विलासराव देशमुख. म्हणजे राज्याची सर्वांत मोठी खुर्ची आणि दिल्लीचे गृहखाते, दोन्ही लातूर जिल्ह्याकडे. पुढच्याच वर्षी फुकट वीज बंद झाली. २,७०० रुपये दूरच राहिले, आधीच्या हंगामात मिळालेला क्विंटलमागे ५०० रुपयांचा आगाऊ बोनसही गेला. आणि फुकट वीज चालू होती त्या महिन्यांतही कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याच्या पंपाला फुकट वीज म्हणजे आंधळ्याच्या घरी आरसा.

एका पक्षाने 'तुझे छान आहे' असे सांगितले आणि तो हरला. दुसऱ्याने 'तुझे छान करू' असे सांगितले आणि तो जिंकला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दाराशी पाहाल तर दोघांच्या प्रचारात फरक एका क्रियापदाचा.

ही गोष्ट २००४ साली संपली असती तर तिची इतकी आठवण काढण्याचे कारण नव्हते. २०२४ साली तीच पुन्हा घडली, फक्त पक्षांनी जागा बदलल्या. लोकसभेला भाजपची घोषणा 'चारशे पार'. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ पासून बंद केलेली, आणि सोयाबीन ४,६०० रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते. मराठा आरक्षणाचा राग आणि राज्यघटना बदलेल ही धास्तीही होतीच. नांदेडात अशोक चव्हाणांना फेब्रुवारीत पक्षात घेतले, म्हणजे जिल्हा आला असे समजले गेले. नेता गेला, मतदार गेला नाही. नांदेड आणि लातूर दोन्ही काँग्रेसकडे गेले. मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीने गमावल्या. पाच-सहा महिन्यांत विधानसभा आली. दरम्यान लाडक्या बहिणीच्या खात्यावर महिन्याला १,५०० रुपये जमा होऊ लागले होते. ते २,१०० करू, कर्जमाफी देऊ, सोयाबीनला ६,००० भाव देऊ, अशी आश्वासने आली. महायुतीच्या तीन पक्षांनी २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. माउलीच्या हातात आलेल्या पैशाला आम्ही नावे ठेवणार नाही. तिच्या घामाचा हिशेब याआधी कुणी केलाच नव्हता. पण निवडणूक सरल्यावर सोयाबीन हमीभावाखालीच विकले गेले आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थमंत्र्यांनी पीककर्जे ३१ तारखेच्या आत भरा असे जाहीर सभेत सांगितले, हेही याच हिशेबाच्या वहीत लिहिले पाहिजे.

वीस वर्षांत दोनदा असे झाले की उन्हाळ्यात आपण नकार दिला आणि हिवाळ्याच्या आत तो नकार उसन्या आश्वासनांनी विकत घेतला गेला. प्रचार का फसतो हे पुढाऱ्यांना आता चांगले कळले आहे. आपल्याला अजून कळायचे आहे ते हे की फसलेला प्रचार म्हणजे जिंकलेला शेतकरी नव्हे.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला हिशेबनामा आणावा. त्यात चारच गोष्टी असाव्यात. गेल्या हंगामात कापसाच्या आणि ज्वारीच्या क्विंटलला आपल्या गावात प्रत्यक्ष खर्च किती आला, घरच्या माणसांची मजुरी धरून. मोंढ्यात हाती किती पडले, आडत-हमाली-तोलाई वजा जाता. पैसे किती दिवसांनी मिळाले. आणि सोसायटीचे किती कर्ज फेडले गेले, किती नुसते नवे-जुने झाले. दहा एकरवाल्याचे आणि दोन एकरवाल्याचे आकडे वेगळे लिहावेत. सरासरी काढू नये. सरासरीने आपला एकदा घात केला आहे.

हे आकडे एकत्र करून, मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवारापुढे, कोणताही भेद न करता, ठेवायचे. त्याने जे कबूल केले त्याच्यापुढे दोन रकाने असतील, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या पैशातून. ज्वारीची शिफारस करताना कृषी सहायकसुद्धा पेरणीची तारीख आणि एकरी बियाणे सांगतो. तारीख आणि पैसा नसलेले आश्वासन वहीत कोरे ठेवायचे आणि सभेत तसेच वाचून दाखवायचे.

गावाने वही घालताना बायकांना बोलवावे. घरातले देणे किती आणि कुणाचे, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.